उजेड कुठून येऊन राहिला

पहाटे कॉटन मार्केटात
मी भाजी घेत नव्हते, रंग घेत होते.
बल्बखाली गाजर धरून उलटसुलट बघत बसले, तर
भाजीवाली म्हणाली, बाई, गाजर आहे ते, लुगडं नाही.

ओट्यावर तांब्याला टेकवून ठेवली निमंत्रणपत्रिका.
तिच्यावर ढोमणे सरांचं चित्र : फुटाळा, संध्याकाळ.
सरांचं ब्याऐंशीव्या वर्षी पहिलं प्रदर्शन.
हॉलवाले फोनवर म्हणाले होते, साठ माणसं, हलकंच काही,
समोसा नको, सरांना शुगर आहे.
मी म्हटलं, तळ्याचंच ताट करते.
फोन ठेवला आणि घाबरले.

आभाळ सोपं गेलं.
खाली पपई, वर संत्र्याच्या फोडी,
एकेक पांढरा दोरा काढून, बिया सोडवून.
क्षितिजावर चीजचे पातळ काप, ऊन लागल्यासारखे मऊ.
पलीकडची झाडं ब्रोकोलीची
(तिला दुसरं काय व्हायचं असतं?),
काठाला सांबार, पायऱ्यांना काकडी.

पाणी अडलं.
जांभळी भाजी आहे, काळी आहे,
निळी देवाने केलीच नाही.
मुळ्याचे काप लावून बघितले, तळं आटल्यासारखं दिसलं.

तेव्हा भाची अबोली, आठवीतली, मोबाइलमधून मान न काढता म्हणाली,
मावशी, जांभळी पत्ताकोबी उकळ ना,
त्या पाण्यात चिमूटभर सोडा.
टाकला.
पातेलं निळं झालं.
आम्ही दोघी इतक्या हसलो की
शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय झालं बापा.
मग पनीर बुडवलं दुपारभर.

पनीर रंग पीत होतं तेव्हा
मला शाळेचा हॉल आठवला, इंटरमीजिएटची परीक्षा.
मधोमध स्टूल. स्टुलावर एक मडकं, दोन कांदे, एक वांगं.
दोन तास बघायचं, खायचं नाही.
त्या दिवशी मी डबा आणला नव्हता.
मागून सर यायचे, वाकायचे,
सगळ्यांना एकच विचारायचे,
उजेड कुठून येऊन राहिला?
परीक्षा संपली की वांगं
तुरणकर शिपाई पिशवीत टाकून घरी न्यायचा.
त्याच्या घरी त्या रात्री भाजी झाली असेल.
माझ्या घरी सी ग्रेड आला.
पुढे पेन्सिल सुटली, सुरी आली,
बारशी, साखरपुडे, तेराव्या,
कापण्यात पंचवीस वर्षं गेली.

संध्याकाळी हॉलमध्ये ताट ठेवलं.
कोणी हात लावेना.
फोटो काढले, वाकून वास घेतला,
एकाने आपल्या मुलाचा हात मागे ओढला.
नुसतं बघायचं, खायचं नाही.
माझ्या पोटात तेच दोन तास परत सुरू झाले.

सर काठी टेकत आले.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा ताटाला लावला.
माझं नाव त्यांना आठवलं नाही, मीही सांगितलं नाही.
म्हणाले, उजेड कुठून येऊन राहिला?
मी पपईकडे बोट दाखवलं.
मग सावली कोठी गेली?
होती, सर.
झाडांखाली काळी द्राक्षं, उभी चिरून,
कापलेली बाजू खाली.
त्यांनी नखाने एक सावली उचलली, तोंडात टाकली.
कोणीतरी हळूच म्हणालं, शुगर.
सर चावत राहिले.
मग दुसरी उचलली.

त्यानंतर साठ माणसांनी
तळं वीस मिनिटांत संपवलं.
त्या मुलाने पाणी खाल्लं, जीभ निळी करून सगळ्यांना दाखवत फिरला.

घरी आल्यावर ताटाच्या कडेला
निळ्याचं जरासं उरलं होतं.
धुवायच्या आधी अबोलीने त्यात लिंबू पिळलं.
फसफसलं, आणि
गुलाबी झालं.
मी दिवा लावला नाही अजून.